दोन रकान्यांची वही

शेवंताकाकीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसले होते. समोर माझ्याच लग्नासाठी काढलेल्या सात-आठ साड्या उलगडून पडलेल्या. शेवंताकाकी म्हणजे गावातली आमची शेजारीण, मोठीआईच्या भिंतीला लागून तिची भिंत. ती मला कधीच फोन करत नाही, फोनवर बोललं की कान तापतो असं तिचं म्हणणं. म्हणून लगेच उचलला. ती म्हणाली, "पोट्टे, तुई मोठीआई गेली वं." आणि मी, काय सांगू, मी विचारलं, "कुठे गेली?" पलीकडून काकी ओरडलीच, "मरून गेली नं माय! आता कुठी जाईन ते?" दुकानदार हातातला पदर तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

त्याच्या दोन तास आधी मोठीआईनं मला स्वतः फोन केला होता. मी तिच्याशी मिनिटभर बोलले आणि टीव्ही लावून बस म्हणून सांगितलं. तिच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, चार बऱ्या आठवणी लिहाव्यात, लोक लिहितात तसं. दीड महिना झाला, मी लिहायला बसते आणि त्या एका मिनिटापाशी येऊन अडते. तेव्हा ते मिनिट लपवण्यात काही अर्थ नाही. तिनं मला काहीतरी सांगितलं आणि मला ते कळलं नाही. आणि का कळलं नाही, ते चौदा वर्षांपूर्वी मीच माझ्या हातानं एका वहीत लिहून ठेवलं होतं. हे मला सगळं झाल्यावर समजलं.

मोठीआईचं नाव पारबता. बाबांच्या मोठ्या भावाची बायको, म्हणून मोठीआई. मोठेबाबा मला आठवतच नाहीत. माझी आई मी वर्षाची व्हायच्या आधी गेली, बाबा मी पाचवीत असताना. मोठीआईला मूल नव्हतं आणि मला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे कोण कुणाला सांभाळतंय असा हिशेब आमच्या घरात कधी झाला नाही. गाव अर्जुनी मोरगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली. पावसाळ्यात धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वीस-बावीस बायांची टोळी घेऊन मोठीआई बांध्यांमध्ये उतरायची. टोळीची म्होरकी ती. ते पद तिला कुणी दिलं नव्हतं, आवाजानं मिळालं होतं. ती एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलली की चौथ्या धुऱ्यापर्यंत ऐकू जायचं. एकदा एक शेतमालक छत्री धरून काठावर बसून "सरळ रोवा, ओळ सरळ ठेवा" असं सारखं बजावत होता. मोठीआई चिखलातून न उठताच म्हणाली, "भाऊ, तुमी कायले वाकून वाकून पाहून राहिले? कंबर मोडंन नं तुमची. आमची तं मोडलीच हाये!" सगळ्या बाया चिखलात हसत सुटल्या. मालकही हसला, बिचारा काय करणार. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि तिच्या बोलण्याचा राग कुणाला यायचा नाही.

मला हाक मारायची तीही तशीच, पाळीवरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी. "ए पोट्टेऽऽ!" आणि मी घरातून ओरडायचं, "येऊन राहिलीऽऽ!" हा आमचा नेम होता. येऊन राहिली म्हणणारी पोरगी बहुतेक वेळा खाटेवरून हललेलीही नसायची, हे तिलाही ठाऊक असायचं. पण उत्तर आलं की तिचं समाधान व्हायचं. उत्तर नाही आलं तर मात्र ती कामधाम सोडून, पायाला चिखल तसाच, तरातरा घरी यायची. "आवाज नाई दिला तं माया जीव उडते वं," म्हणायची. मी तोंड वाकडं करायची. आता वाटतं, एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात माझ्याकडून मागितली, आवाज द्यायची.

मी नववीत असताना शाळेनं मला गोंदियाला वक्तृत्व स्पर्धेला पाठवलं. विषय होता 'आमच्या गावचा तलाव'. पाठांतर चोख, आवाज मोठीआईचाच, त्यामुळे सुरुवात दणक्यात झाली. आणि मध्येच मी म्हणून गेले, "तलाव दरसाल आटून राहिला आणि आपण नुसते पाहून राहिलो." सभागृहात कुठूनतरी खुसखुस झाली. संपल्यावर परीक्षकांनी, बाहेरून आलेले कुणी गृहस्थ होते, मोठ्या प्रेमानं माझी पाठ थोपटली आणि माइकवरच म्हणाले, "बाळ, विषय उत्तम. पण तुम्ही कुठं कुठं राहिलात हो एवढं?" मग मात्र सगळे पोट धरून हसले. माझ्यासोबत आलेल्या बाईही हसल्या. त्या गृहस्थांना मी पुढं बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण खरं सांगते, त्यांचा तो एक विनोद होता, ते घरी जाऊन विसरलेही असतील. त्याची वही करणारी मी.

घरी आले तर मोठीआई अंगणात वांग्याच्या खुला वाळत घालत होती. उन्हाळ्यात वांगी चिरून वाळवून ठेवतात आमच्याकडे, पावसाळ्यात भाजीला. माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन वं, थोबाड काऊन पाडून राहिली?" मी रडत रडत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हासले तं हासले. दात दिसले त्याइचे. तुयं काय गेलं?" माझं काय गेलं ते तिला समजावून सांगायला मला त्या वयात शब्द नव्हते. मी आत गेले, दोनशे पानी कोरी वही काढली, मधोमध पट्टीनं रेघ मारली. डाव्या रकान्यावर लिहिलं 'आपलं', उजव्यावर लिहिलं 'शुद्ध'. शुद्धच्या खाली लाल पेननं दोन रेघा. आमच्या आजोबांना ज्या शब्दानं विहिरीपासून हात-दोन हात लांब उभं केलं होतं, तोच शब्द मी माझ्या घरात आणून वहीवर लिहिला, तोही लाल शाईनं. चौदाव्या वर्षी हे कुठं कळतं? कळायला हवं होतं पण.

गंमत अशी की ती वही भरून दिली मोठीआईनंच. मी संध्याकाळी तिच्यामागं लागायची, अजून सांग, अजून सांग. तिला तो खेळ वाटायचा. चुलीसमोर बसून ती एकेक शब्द द्यायची आणि वर म्हणायची, "माये शब्द घेऊन कुठी जाशीन वं? बजारात इकशीन का?" मी डावीकडे लिहायची 'काऊन', उजवीकडे 'का'. डावीकडे 'पानी', उजवीकडे 'पाणी'. 'येऊन राहिली', समोर 'येत आहे'. ज्याचं शुद्ध रूप मला ठाऊक नसायचं तिथं मी माझ्या अकलेनं ठोकून द्यायची. विचारणार कुणाला? मास्तरांना विचारायची लाज, आणि मोठीआईचं शिक्षण चौथीपर्यंत. वही पूर्ण झाली, मी पाठ केली, आणि अकरावीला गोंदियाला गेले. तिथं तर सगळा कारभार हिंदीतच, त्यामुळे 'आपलं' निम्मं तिथंच गळून पडलं. उरलेलं पुण्यानं पुसून काढलं. वही गावीच राहिली, मला तिची गरज उरली नव्हती.

आता त्या कार्डाबद्दल सांगते. मोठीआई जायच्या पंधराच दिवस आधी आमच्या ऑफिसात एक कार्यक्रम झाला. असले कार्यक्रम सारखे होत असतात, कामाचा ताण हलका व्हावा म्हणून, आणि त्यापायी काम मागे पडतं ते वेगळंच. प्रत्येकाला एक पिवळं कार्ड दिलं. तुमच्या लहानपणच्या स्वतःला एक सल्ला द्या, एकाच वाक्यात, आणि बोर्डावर लावा. लोकांनी लिहिलं, व्यायाम कर, आईचं ऐक, गणिताला घाबरू नकोस. मी लिहिलं, 'बोलणं लवकर सुधार, वर्षं वाया घालवू नकोस.' वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. एक मैत्रीण म्हणाली, तू विदर्भातली आहेस हे सांगितल्याशिवाय कळतच नाही. आणि मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! संध्याकाळभर मी तरंगत होते.

साखरपुडा त्याच्या चार महिने आधी झाला होता, गावातच, विहाराशेजारच्या हॉलमध्ये. माझा होणारा नवरा निखिल आणि त्याच्या घरची माणसं पुण्याहून येणार होती. आदल्या दिवशी मी मोठीआईजवळ बसले. ती लुगड्याच्या घड्या करत होती. मी म्हणाले, "मोठीआई, उद्या जरा कमी बोलशील का?" तिनं विचारलं, "कायले?" मी म्हणाले, "तसं नाही गं... त्यांना आपलं बोलणं कळत नाही ना. मग परत परत विचारतात, सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं." तिनं घडी पूर्ण केली, त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बरं." तिनं भांडायला हवं होतं. चार शिव्या हासडायला हव्या होत्या मला. वीस बायांची टोळी हाकणारी बाई, शेतमालकाला हसत हसत गप्प करणारी, माझ्या एका वाक्यानं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहून पेले भरत होती आणि कुणी काही म्हणालं की नुसती मान हलवत होती. निखिलच्या आई कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या मोठीआई फार शांत आहेत हो." शेवंताकाकीला हसू फुटलं आणि माझ्याकडे बघून तिनं ते पदरात दाबलं. निखिलच्या आईंना मी दोष देत नाही. त्यांनी कधीही काही मागितलं नव्हतं. उलट जाताना म्हणाल्या, त्यांच्याशी गप्पाच झाल्या नाहीत, राहूनच गेलं.

त्यानंतर महिन्याभरानं मोठीआईचे फोन बदलले. आधी ती फोन उचलताच, "जेवली का नाई? काय खाल्लं? भात का पोळी? सांग नं, तोंडात काय मूग हायेत?" अशी सरबत्ती लावायची. आता म्हणायला लागली, "नमस्कार. जेवण झाले. तुझे झाले का?" मी पहिल्यांदा ऐकलं आणि खो खो हसले. "वा मोठीआई! कुठून शिकलीस?" "अशीच," ती म्हणाली. निखिल भेटायला आला होता, त्याला हाक मारून मी फोन स्पीकरवर टाकला. तिनं त्यालाही विचारलं, "आपली तब्येत कशी आहे?" एकेक शब्द सुटा सुटा, मध्ये थांबत, आठवून आठवून. मला केवढा अभिमान वाटला! तेव्हापासून तिचा फोन आला की मी स्पीकरच लावायची. बोलणं मात्र दोन मिनिटांत संपायचं. तिच्याजवळचे शब्द संपायचे ना. गावात कोण कुणाशी भांडलं, धानाच्या पऱ्ह्यांतली रोपं कशी आलीत, कुणाची म्हैस व्याली, यातलं काहीच मग मला कळेनासं झालं, आणि ते कळत नाहीये हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी साड्या घ्यायला निघालेले आम्ही तिघं गाडीत होतो, निखिल, त्याच्या आई आणि मी. दुपारचे चार वाजले असतील. मोठीआईचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवरच लागला. ती म्हणाली, "नमस्कार." मग थांबली. आम्ही तिघंही हसून नमस्कार म्हणालो. ती म्हणाली, "मला... घाबरल्यासारखे... वाटत आहे." दोन शब्दांमध्ये मोठं अंतर होतं. मला वाटलं, शब्द आठवतेय. निखिलच्या आई हळूच म्हणाल्या, "एकट्या असतात ना, भीती वाटत असेल गं." मी म्हणाले, "मोठीआई, भरदिवसा कसली भीती? टीव्ही लाव, छान काहीतरी बघत बस. मी संध्याकाळी करते परत." ती म्हणाली, "हो. ठीक आहे. ठेवते." आणि ठेवला.

आमच्याकडे 'जीव घाबरून राहिला' म्हणतात त्यात भीतीचा लवलेश नसतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जीव घाबरणं म्हणजे छातीत श्वास मावत नाही, अंगाला दरदरून घाम सुटतो, आतून कुणी दाबून धरल्यासारखं होतं. हे शब्द कानावर पडले की आमच्या गावातलं शेंबडं पोरही पाणी आणायला धावतं. कुणी वारा घालतं, कुणी रिक्षा बघायला पळतं. कशाची भीती वाटते असं कुणी विचारत नाही. मी कितीही पुण्याची झाले असले तरी मोठीआईनं "बाई, जीव घाबरून राहिला" एवढं म्हटलं असतं ना, मी गाडीतून ओरडले असते. शेवंताकाकीला फोन केला असता, अर्ध्या गावाला केला असता. हे मी स्वतःचं समाधान करायला लिहीत नाही. समाधान नाहीच आहे यात, उलट आहे.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तोवर माती थांबवून ठेवली होती. मोठीआईला पांढऱ्या कापडात गुंडाळून अंगणात ठेवलेलं, जिथं ती खुला वाळत घालायची तिथंच. रोवणीच्या टोळीतल्या बाया भोवती बसलेल्या, आणि एवढ्या बाया असून आवाज नाही. सगळं आटोपल्यावर शेवंताकाकीनं सांगितलं. साडेपाचच्या सुमारास मोठीआई भिंत धरत धरत तिच्या दारात आली. "म्हने, शेवंता, जीव लयच घाबरून राहिला. घामानं चिंब होती वं. म्या म्हटलं, मंग आतावरी कायले बसून राहिली घरात? तं म्हने, पोरीनं टीवी पाहाले सांगतलं." रिक्षा लगेच मिळाली. पण मोठीआई रस्त्यातच गेली. काकी परत आली तेव्हा आमच्या घरात टीव्ही चालूच होता. एका जागी शांत बसून, मी सांगितलं म्हणून, तासाभराहून जास्त वेळ मोठीआई टीव्ही बघत होती.

निखिल म्हणतो, तुझी काही चूक नाही, वेळ आली होती. त्याच्या आईंनी फोनवर रडून माफी मागितली, भीतीचं मीच म्हणाले होते गं, म्हणाल्या. मला दोघांचाही राग आला. वेळ आली होती म्हणे! साडेपाचला आली होती. चारला नव्हती आली. लवकर नेलं असतं तर वाचली असती का, ते मला कुणी सांगू शकलं नाही आणि मीही आता विचारत नाही. पण तिनं सांगितलं होतं मला. एका मिनिटासाठी सगळं माझ्या हातात होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या शोकसभेच्या, दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर दोन शब्द बोल म्हणून मला उभं केलं. मी बोलले. मोठीआईचे कष्ट, तिची माया, तिनं मला घडवलं, सगळं बोलले, एकही शब्द न अडखळता. वक्तृत्वाच्या त्या स्पर्धेत असं बोलले असते तर पहिली आले असते. समोर बसलेल्या बाया माझ्याकडे बघत होत्या, डोळे कोरडे. बोलून खाली बसले तर टोळीतल्या एका म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "लय चांगली बोलली माय. पेपरावानी." मग तीच म्हातारी उभी राहिली. एवढंच म्हणाली, "पारबता धुऱ्यावरून बोले तं पाठ दुखनं थांबे. आता कोन बोलन?" आणि सगळ्या बाया एकदम रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. माझ्या शब्दांत रडण्यासारखं काही नव्हतंच.

पाहुणे गेल्यावर मी घर आवरायला घेतलं. टीव्हीच्या वर मोठीआईचा चष्मा होता, त्याखाली वही. दोनशे पानी, कडा कुरतडलेली, मधोमध रेघ. मी बघतच राहिले. शेवंताकाकी दारातून म्हणाली, "रोज दुपारी वाचे ते. बोट ठिवून ठिवून. म्या म्हटलं, आता मरतेवेळी शिकून कायले राहिली? तं म्हने, पोरीच्या सासरच्यायसंग बोलाचं हाये, पोरीची मान खाली नोको जायले. मंग आमी दोघीबी हासलो." पाठ झालेल्या ओळींपुढं मोठीआईनं पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या होत्या, मास्तर करतात तशा. 'जेवण झाले' ला खूण. 'तब्येत कशी आहे' ला खूण. मी पानं उलटत गेले. दुखण्याखुपण्याचं एक पान होतं. 'डोस्कं दुखून राहिलं', समोर 'डोके दुखत आहे'. त्याच्याखाली डावीकडे, माझ्या नववीतल्या गोल गोल अक्षरात, 'जीव घाबरून राहिला'. आणि उजवीकडे, त्याच अक्षरात, शुद्धच्या रकान्यात... 'घाबरल्यासारखे वाटत आहे.' पुढं पेन्सिलीची खूण.

म्हणजे ती शब्द आठवत नव्हती. तिला पाठ होतं. श्वास पुरत नसतानाही तिनं चूक केली नाही, जे मी लिहिलं होतं तेच बरोबर म्हणून दाखवलं. चूक माझी होती. चौदा वर्षांची मी, एवढा साधा अर्थ, जो रोज घरात ऐकत होते, तो सोडून शब्दाला शब्द ठेवून मोकळी झाले.

पुण्याला परतले तर ऑफिसच्या बोर्डावर माझं पिवळं कार्ड अजून लावलेलं होतं. काढलं आणि फाडलं. आता कुणी विचारलं तर त्या नववीतल्या पोरीला मी काय सांगेन? अगं ए शहाणे, असं म्हणून आधी एक ठेवून देईन. मग सांगेन, की रड, एसटीत रडत बस, पण घरी गेल्यावर वही काढू नकोस. काढलीसच तर मधोमध रेघ मारू नकोस. त्या स्पर्धेतल्या माणसाला हसू दे, दात दिसले त्याचे, तुझं काय गेलं? पुढं एक दिवस येईल, तुझ्या माणसाला तुझ्याशी बोलायचं असेल आणि त्याच्याजवळ श्वास थोडा असेल, तेव्हा त्याला त्याच्या शब्दांत बोलू दे. आणि मोठीआईला कधीही, काहीही झालं तरी, कमी बोल म्हणू नकोस. एवढं सगळं कार्डावर मावलं नसतं. आणि ती पोरगी कुठं ऐकणार आहे? तिनं मोठीआईचं ऐकलं नाही, माझं काय ऐकते!

वही मी सोबत आणली. ऑफिसातून आले की दार लावून डावी बाजू मोठ्यानं वाचते. जीभ वळत नाही लवकर. 'कायले' म्हणताना नाटकातलं बोलल्यासारखं वाटतं, मग तोच शब्द दहा वेळा म्हणते. निखिल घरी आला की सुरुवातीला दाराशी येऊन ऐकत थांबायचा, आता थांबत नाही, बाहेरच बसतो. उजवा रकाना मी हातानं झाकून घेते. दुखण्याच्या पानावर आले की ती ओळ वाचते, "जीव घाबरून राहिला." ती मला मोठीआईच्या आवाजात ऐकू येते, धुऱ्यावरच्या, खणखणीत. आणि मग मला जे त्या दिवशी गाडीत म्हणायचं होतं, ते मी रिकाम्या खोलीत ओरडून म्हणते, चौथ्या धुऱ्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. थांब मोठीआई, येऊन राहिली.